दोन आटे मोकळे

जोशी मिस्त्री कुठल्याही गाडीत बसले की आधी तळहात सीटखालच्या पत्र्याला टेकवायचे. रिक्षा असो, एसटी असो, लग्नाला आलेल्या पाहुण्याची नवी मोटार असो. हात टेकवून डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी बघावी तसं गप्प बसायचे. मग म्हणायचे, "इंजिनाखालचं रबर गेलंय." ज्याची गाडी असेल त्याला राग यायचा.

एकदा मी त्यांच्यासोबत छावणीतून पडेगावला शेअर रिक्षानं येत होते. माझ्या मांडीवर पाच किलो ज्वारी. अर्ध्या रस्त्यात मिस्त्रींनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"भाऊ, जरा बाजूला घे. एक बोल्ट बघू दे."

"चाचा, उतरना है तो उतरो. मेरी गाडी कू नजर नक्को लगाओ."

"नजर नाही रे, बोल्ट. पुढच्या खड्ड्यात तुझं इंजिन खाली येईल."

"खड्डे मैं बनाया क्या?"

मिस्त्री उतरले. एकट्या म्हाताऱ्याला रस्त्यात कसं सोडायचं, म्हणून मी पण उतरले. ज्वारी डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालले. घर जवळ आलं तेव्हा तीच रिक्षा नवी माणसं भरून उलटी आली. रिक्षावाल्यानं आमच्याकडं बघून मुद्दाम हॉर्न वाजवला.

"बघा," मी म्हणाले, "इंजिन जाग्यावर हाय."

"आज आहे," मिस्त्री म्हणाले.

हा त्यांचा शब्द. तब्येत बरी आहे का? आज आहे. नळाला पाणी आलं का? आज आहे. मुलगा पुण्याला सुखात आहे ना? आज आहे. माणसाला ऐकून चीड यायची. मी तोंडावर सांगायची, "मिस्त्री, तुमच्याशी बोललं की माझं बीपी वाढतं." ते म्हणायचे, "मोजून घ्या."

पडेगावात आमची दोन घरं एका भिंतीला लागून. माझं शिक्षण चौथी. वीस वर्षं पंपांच्या एका कारखान्यात कामाला होते. ते रेल्वेत फिटर होते, छोट्या रुळांवर वाफेची इंजिनं धावत होती त्या काळापासून. त्यांच्या घराण्यात सगळे कारकुनी नाहीतर भिक्षुकी करणारे. हा एकच पोरगा काजळीत गेला. लोक विचारायचे, "जोशी आणि मिस्त्री? हे कसं काय?" ते नुसते दोन्ही हात उलटे करून दाखवायचे. नखांतलं काळं निवृत्तीनंतरही गेलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक स्वतः करायचे. कुकरची शिट्टी होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. दाराआड उभं राहून बघायचे, समोरून नाही.

त्यांना घडवलं रेल्वेच्या इंजिन-शेडमधल्या उस्तादानं. करीमचाचा. मिस्त्रींच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला चाचा यायचे. त्या शेडच्या कोपऱ्यात एक जुना डबा मोडून पडला होता म्हणे. साधा डबा नव्हे. वाफेचं इंजिन आणि बसणारी माणसं एकाच डब्यात. पुढच्या बाजूला बॉयलर, खाली पिस्टन, मागं बाकं. लहान गावांच्या रस्त्याला कमी माणसांसाठी वेगळं इंजिन कशाला जोडा, म्हणून कधीकाळी तसे डबे निघाले होते. चाचांनी तरुणपणी तो चालवलेला.

"मग मोडीत का काढला?" मी विचारलं होतं.

"हलायचा. इंजिन डब्याच्याच चौकटीला आवळलेलं. पिस्टन मागंपुढं धावला की धक्का चौकटीला, चौकटीचा फळीला, फळीचा माणसाच्या दातांना. बायका म्हणायच्या, चालत गेलेलं बरं. शेवटी लाकडाचे सांधे सुटले, पाईप चिरले."

"मग इंजिन वेगळं करायचं."

मिस्त्रींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मोठं काही बोलले. "तेच चाचा म्हणायचे. इंजिनाला खाली स्वतःचा चार चाकांचा गाडा द्यायचा. डबा त्याच्यावर नुसता बसवायचा, गादीवर माणूस बसतो तसा. बांधायचा नाही. लोहे कू भी सांस होना, म्हणायचे. पण साहेबाला पटेना, आणि पटेपर्यंत वाफच गेली."

हे त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षं होतं. माणसाच्या डोक्यात काय काय राहतं.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला, एका भाऊसाहेबांचा मळा आहे. थंडीत तिथं शहरातले लोक हुरडा खायला येतात. भाऊसाहेबांना पोरांसाठी धूर सोडणारी, शिट्टी मारणारी छोटी रेल्वे पाहिजे होती. त्या मळ्यात मी निंदणीला जात होते. मीच मिस्त्रींचं नाव सांगितलं. नंतर दोन वर्षं मला पस्तावा झाला, कारण भिंतीपलीकडून दिवसभर कानस घासल्याचा आवाज.

त्यांनी गाडी केली ती तसल्याच डब्याची, लहान करून. हातभर रुंदीचे रूळ, पेरूच्या झाडांना वळसा घालून. डब्यात आठ पोरं बसतील एवढी बाकं. पुढं छातीएवढा उभा बॉयलर. खाली इंजिनाचा वेगळा गाडा, त्याला ट्रकला असतात तसले पण छोटे स्प्रिंगचे पाटे. गाड्यावर चार जाड रबरी गाद्या आणि त्यांच्यावर डबा. बॉयलरपासून इंजिनाला जाणारा वाफेचा पाईप सरळ नव्हता, जिलबीसारखा वेढा देऊन नेला होता. गाडा हलला तर पाईप ताणायला नको, म्हणून.

आणि चार बोल्ट. गाडी उसळली तर डबा उडून जाऊ नये एवढ्यासाठीच ते होते. त्यांचे नट मिस्त्रींनी पूर्ण बसवलेच नव्हते. बोल्टावर जे आटे असतात, त्यांतले दोन आटे मोकळे. नट तिथून सरकू नये म्हणून प्रत्येकावर दुसरा नट दाबून बसवलेला. दोन आटे म्हणजे किती? ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट. तेवढ्यात गाडा वळणावर मान वळवायचा, रूळ खालीवर असला तर एक खांदा झुकवायचा, आणि वर डब्याला त्याचा पत्ता लागायचा नाही.

बॉयलर त्यांनी थंड पाण्याच्या दाबावर तीनदा तपासला. भाऊसाहेब म्हणाले, "मिस्त्री, एकदा पास झाला ना?" मिस्त्री म्हणाले, "त्या दिवशी झाला."

चाल तपासायची त्यांची रीत एकच. स्टीलचा पेला काठोकाठ भरून बाकावर ठेवायचा आणि एक फेरी मारायची. सुरुवातीला पेलाच खाली पडायचा. मग अर्धं पाणी सांडायचं. रबर बदललं, पाट्यातली एक पट्टी काढली, परत घातली, पाईपाचा वेढा मोठा केला. सव्वा वर्षानं एका दुपारी पेला काठोकाठ परत आला. मी गवत काढत होते. मिस्त्री पेल्याकडं बघत उभे राहिले आणि शेवटी ते पाणी पिऊन टाकलं. मी म्हणाले, "आता तरी हसा." ते म्हणाले, "रिकामी होती. पोरं बसली की कळेल."

उद्घाटन खंडेनवमीला ठरलं, कारण बोलावलेला पाहुणा दसऱ्याला मोकळा नव्हता. मिस्त्रींना ते पसंत नव्हतं. शेडमध्ये खंडेनवमी मोठी असायची. चाचा स्वतः सगळी हत्यारं धुऊन मांडायचे, नारळ फोडायचे. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. पूजा केलेली गाडी चालवली तर चालते, पण पाना, हातोडा, कानस दुसऱ्या दिवसापर्यंत झोपलेली. म्हणून मिस्त्रींनी सगळं काम अष्टमीला संपवलं आणि शहागंजला झेंडू आणायला गेले. मला सांगून गेले, "कमळाबाई, गाडी पुसून घ्या. खालूनसुद्धा."

मी खालून पुसायला आडवी झाले. बघते तर चारही नट सैल. हातानं बोल्ट हलत होता.

त्या फटीबद्दल मला माहीत नव्हतं का? ज्वारीच्या दाण्याची गोष्ट त्यांनी मला ऐकवली होती. पण ऐकलेलं कानात राहतं, हात त्याच्या सवयीनं चालतो. कारखान्यात वीस वर्षं माझं काम एकच होतं. पट्ट्यावरून पंप आला की चार नट आवळायचे. सैल सुटला तर सुपरवायझर सगळ्यांपुढं नाव घ्यायचा. सैल नट दिसला की माझा हात आपोआप जातो. मिस्त्रींचा पाना तिथंच पडला होता. चारही नट दातओठ खाऊन आवळले, वरचे दुसरे नटही परत घट्ट केले, पाना पुसला आणि हत्यारांत ठेवून दिला. मनात म्हटलं, म्हातारा आता विसरायला लागला, बरं झालं मी बघितलं.

नवमीला सकाळी गाडीपुढं पाटावर हत्यारं मांडली. हळद, कुंकू, झेंडू, नारळ. आमच्यात हे करत नाहीत. मी बाजूला उभी होते. दुसऱ्या दिवशी आमचा दसरा, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस. माझं पांढरं लुगडं इस्त्रीला दिलेलं. नात प्रज्ञा सोबत आली होती. सात वर्षांची. पहिल्या फेरीत बसणाऱ्या आठ पोरांत तिचं नाव होतं आणि सकाळपासून तिनं मला तीनदा विचारलं होतं, "आज्जी, बॉयलर फुटत नाय ना?" मी दोनदा नाय म्हणाले, तिसऱ्यांदा गप्प बसवलं.

तीन वाजता मिस्त्रींनी वाफ धरली आणि पेला ठेवून रिकामी फेरी मारली.

गाडी निघाली आणि दहा हातांवरच पेला बाकावर नाचायला लागला. खिडकीच्या पट्ट्या खडखडल्या. पेरूच्या वळणावर पुढचं एक चाक रुळावर चढलं, बोटभर वर गेलं आणि ठाणकन परत बसलं. पेला खाली. पाईपाच्या सांध्यातून पिचकारीसारखी वाफ आली, नेमकी पहिल्या बाकाच्या पायाशी. प्रज्ञाची जागा तीच होती.

मिस्त्रींनी गाडी थांबवली, आग कमी केली, वाफ सोडून दिली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते गुडघ्यांवर बसले, पाट्यांना हात लावला, गाद्यांना हात लावला. "काल ठीक होती," म्हणाले. "काल ठीक होती." फाटकाशी पोरं गोळा व्हायला लागली होती. भाऊसाहेब लांबूनच ओरडले, "मिस्त्री, पाहुणे निघाले बरं का! अर्ध्या तासात येतायत!"

मला कळलं होतं. बोलले नसते तर कुणाला समजलं नसतं. मिस्त्रींनी स्वतःलाच दोष दिला असता आणि फेरी रद्द केली असती. नाहीतर भाऊसाहेबांनी रेटून पोरं बसवली असती.

"मिस्त्री," मी म्हणाले, "काल नट मी आवळले. चारही. सैल दिसले म्हणून."

ते खालीच बसून राहिले. मला वाटलं आता शिव्या बसतील. त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ता. चाक उचललं तेव्हा."

"आणि आत्ताच सांगितलंत."

"मग कधी सांगू? पोरं बसल्यावर?"

ते माझ्याकडं बघेनात. हळदीकुंकवातल्या पान्याकडं बघत होते. मग हळू आवाजात बोलले, बोलायची वेळ नव्हती तरी. "कमळाबाई, चाचांचा डावा हात माझ्यामुळं भाजला. खंडेनवमीच होती. सगळे जेवायला गेलेले. शेडात एका इंजिनाच्या पाईपाची पकड मला सैल दिसली. पूजेतला पाना उचलला आणि आवळून टाकली. चाचांनी ती मुद्दाम सैल ठेवलेली. दुसऱ्या दिवशी वाफ धरली, पाईप चिरला. चाचांची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. कुणी आवळलं, सगळ्यांनी विचारलं. मी बोललो नाही. चाचा मरेपर्यंत बोललो नाही."

मी म्हणाले, "ते मागनं बघू. आधी हे नट सैल करा."

"पाना उचलणार नाही मी. त्या दिवसानंतर नवमीला कधी उचलला नाही. आजची फेरी नको. भाऊसाहेबांना सांगतो."

"दोन वर्षं घासलं, आन नको? पोरं दारात उभी हायेत."

मग त्यांची नजर माझ्याकडं वळली, आणि काय मनात आलं ते मला दिसलं.

"मला उचलायला सांगताय व्हय?" मी म्हणाले. "आमच्यात पाळत नाय म्हणून?"

"मी सांगत नाही," ते घाईनं म्हणाले. "तसं नाही. मी तसं म्हणालो नाही."

"म्हणूबी नका. चूक माझी, पाना मी उचलते. तुमच्या चाचानं नारळ फोडला तेव्हा देवानं काय त्याची जात विचारली?"

मी पाना उचलला. कुंकवानं हात लाल झाला. झेंडूचं फूल पान्याला चिकटून आलं ते झटकलं आणि गाडीखाली आडवी झाले. बॉयलरची धग पाठीवर येत होती, कुठंतरी पाणी टपटपत होतं, आणि मला खरंच भीती वाटत होती. फाटकाकडून प्रज्ञा ओरडली, "आज्जी, बाहेर ये!"

मिस्त्री डब्याच्या तळाला तळहात लावून बसले होते. "डावा पुढचा. आधी वरचा नट काढा. आता खालचा. एक फेरा. अजून. अजून थोडा. बास, दोन आटे झाले. वरचा परत बसवा, खालच्याला धरून. फिरू देऊ नका."

असे चार झाले. पाईपाच्या सांध्यावर त्यांनी नुसत्या हातानं पिळून वाफ अडवायची जाड दोरी गुंडाळली. हाताला त्यांची बंदी नव्हती. आग वाढवून वाफ परत धरली, पेला परत भरला. रिकामी फेरी मारली. वळणावर गाड्यानं मान वळवली आणि डबा शहाण्या बैलासारखा मागून आला. पेला काठोकाठ.

पाहुणे आले, फीत कापली, भाऊसाहेबांच्या गळ्यात हार पडला. आठ पोरं बसली. मिस्त्रींनी भरलेला पेला प्रज्ञाच्या शेजारी बाकावर ठेवला आणि तिला सांगितलं, "याच्याकडं बघत राहायचं. सांडला की हात वर." गाडी चालवायची कळ त्यांनी भाऊसाहेबांच्या माणसाकडं दिली. त्याला त्यांनी आठ महिने शिकवलेलं. स्वतः गाडीबरोबर चालत निघाले, एक तळहात डब्याला लावून. शिट्टी झाली. पोरं किंचाळली. मी एकटी त्या सांध्याकडं बघत होते. वळण आलं. मिस्त्रींचे ओठ हलत होते, आकडे म्हणत होते का आणखी काही, कोण जाणे. प्रज्ञानं हात वर केला नाही.

गाडी परत येऊन थांबली तेव्हा पेल्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं. भाऊसाहेब म्हणाले, "मिस्त्री, झकास! एकदम मऊ!"

"आज आहे," मिस्त्री म्हणाले.

दसऱ्यानंतर चार दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. पाचव्या दिवशी ते माझ्या दारात आले. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत तोच पाना होता. म्हणाले, "चाचांचा मुलगा सिल्लोडला गॅरेज चालवतो. जाऊन येतो."

"आता? इतक्या वर्षांनी? तो काय म्हणंल?"

"काय म्हणेल ते म्हणेल. तुम्ही पाच मिनिटांत बोललात."

त्यांना छातीचा त्रास होता, म्हणून मी बसस्टँडपर्यंत सोबत गेले. वाटेत रिक्षात त्यांनी दोनदा विचारलं, "त्यानं हाकलून दिलं तर?" मी म्हणाले, "तर पुढची बस धरून या." ते सिल्लोडहून परत आले नाहीत. तिथंच तिसऱ्या दिवशी त्रास वाढला, मिस्त्रींच्या मुलानं परस्पर पुण्याला नेलं, आणि महिन्याभरात गेले. चाचांच्या मुलाला त्यांनी सांगितलं का नाही, मला ठाऊक नाही. मी विचारायला गेले नाही. ते त्यांचं होतं. गाडी अजून चालते. दर अष्टमीला मी मळ्यात जाऊन ते चार नट बघते. ज्वारीचा दाणा घालून बघते.

त्या दिवशी सिल्लोडच्या बसमध्ये पुढं जागा होती. मिस्त्री पार शेवटच्या बाकावर जाऊन बसले, चाकाच्या मागं, जिथं सगळ्यात जास्त आदळतं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पुढं या. मागं हाडं खिळखिळी होतील."

"होऊ द्या," मिस्त्री म्हणाले.

मी खाली खिडकीशी उभी होते. बस सुरू झाली, सगळ्या काचा खडखडायला लागल्या. मी वाट बघत होते, आता हात खाली जाईल, आता डोळे मिटतील. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. डोळे उघडे, समोर. बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते आदळत होते, आणि त्यांनी पत्र्याला हात लावला नाही.